निष्ठा प्रवेशिका, प्रथम वर्ष

पहिला करार हातात पडला. आईने तो देवापुढे ठेवून हळद-कुंकू वाहिलं, वडिलांनी त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या, पेढे वाटून झाले. आता धंदा सुरू झाला, पोरा. खेळ तुला येतो, नाहीतर करार झालाच नसता. येत नाही ती निष्ठा. ती कुठल्या अकादमीत शिकवत नाहीत, आणि तिची तोंडी परीक्षा मात्र पहिल्याच आठवड्यात असते. कुणीतरी माइक पुढे धरतं आणि विचारतं, 'या क्लबाबद्दल तुमच्या भावना काय?' म्हणून ही प्रवेशिका. शिनपॅडांबरोबर किटबॅगेत टाक, घामाने भिजली तरी चालेल.

मी कोण सांगणारा? माझं कोल्हापुरात खेळाच्या सामानाचं दुकान आहे. पुढे बूट, चेंडू, चषक. मागच्या खोलीत हीट प्रेस. जर्सीच्या पाठीवर नावं छापतो. अलीकडे नावं छापण्याइतकंच काम नावं काढण्याचं येतं, त्यामुळे निष्ठेचा विषय मला धंद्याच्या बाजूने ठाऊक आहे. शिवाय तरुणपणी मी इथल्या एका तालमीकडून दोन हंगाम खेळलो आणि तिसऱ्या हंगामात समोरच्या तालमीत गेलो. तालमींची नावं सांगत नाही. मला अजून याच पेठेत राहायचं आहे.

साहित्य

निळ्या शाईचं पेन. करारातली बारीक अक्षरं वाचता येतील इतका उजेड. फोनमधल्या जुन्या पोस्ट काढून टाकता येणारा एक चुलतभाऊ. आणि छातीवरचा बिल्ला. हा डावीकडे असतो, बरोबर काळजावर. गोल झाल्यावर त्याचं चुंबन घ्यायची पद्धत आहे. नवशिक्याने पहिल्या हंगामात तसं करू नये. थोपटावं. थोपटलेलं लोक विसरतात. चुंबनाचे फोटो निघतात, आणि दोन वर्षांनी तू दुसऱ्या रंगात मैदानात उतरलास की तेच फोटो पुन्हा फिरायला लागतात, खाली एक अक्षरही न लिहिता.

पाठ पहिला: ओळखपरेड

निष्ठा ठेवायची तर समोर कोण आहे ते आधी कळायला हवं. कोल्हापुरात ते सोपं आहे. क्लब म्हणजे तालीम. पेठेतली इमारत, आत लाल माती, भिंतीवर हनुमान, बाहेर कट्टा आणि कट्ट्यावर असे आठ-दहा जण, ज्यांनी तुला चड्डी घालायच्या आधीपासून पाहिलेलं आहे. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ रिकामी होते. या क्लबाशी बेइमानी करायची तर घर बदलावं लागतं.

व्यावसायिक क्लब असा हाताला लागत नाही. नेमकं कुणाला क्लब म्हणायचं? मालकाला? मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने घेतला. खेळाडू एका सकाळी सरावाला आले ते मँचेस्टर सिटीचे चुलतभाऊ होऊनच, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मग नाव, रंग, परंपरा? महिंद्रा युनायटेड हा राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा क्लब २०१० मध्ये बंदच करून टाकला. त्याच्याशी एकनिष्ठ राहिलेल्यांनी निष्ठा कुठल्या पत्त्यावर पाठवायची? राहता राहिला किटमन. तो बहुधा तोच असतो. शंका आली तर किटमनशी निष्ठा ठेवावी, बूट वेळेवर वाळतात.

कोच ओळखणं सोपं. सामन्याच्या आदल्या दिवशी फळ्यावर जो अकरा चकत्या लावतो तो कोच. क्लबावरचं प्रेम मोजायचं असेल तर बाराव्या चकतीला विचार.

पाठ दुसरा: सोडवलेलं उदाहरण

उदाहरण गोव्याचं घेऊ. सर्जिओ लोबेरा हा स्पॅनिश माणूस २०१७ मध्ये एफसी गोवाचा कोच झाला. बार्सिलोनाच्या युवा संघांत काम केलेला. चेंडू हवेत भिरकावायचा नाही, गोलकीपरपासून पायापायाने पुढे न्यायचा, हा त्याचा हट्ट. येताना त्याने ओळखीची माणसं आणली. बचावफळीपुढे उभा राहून सगळा खेळ चालवणारा मोरोक्कोचा अहमद जाहू, आणि वर्षभराने सेनेगलचा उंचापुरा सेंटर बॅक मुर्तदा फॉल. हे दोघे मोरोक्कोतल्या तेतुआनच्या क्लबात त्याच्या हाताखाली खेळलेले. ह्युगो बुमूसही आला आणि २०१९-२० मध्ये तो इंडियन सुपर लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. गोव्याला हा खेळ मानवला. तिथे लोकांना फुटबॉलमधलं कळतं, नुसत्या जिंकण्यावर त्यांचं भागत नाही.

फेब्रुवारी २०२० उजाडायच्या सुमारास, साखळीचे तीन सामने उरलेले आणि संघ तक्त्यात अगदी वर असताना, क्लबाने लोबेराला काढलं.

इथे पुस्तक मिट. तू त्या ड्रेसिंग रूममध्ये बसला आहेस. ज्याच्यामुळे तू गोव्यात आलास तो माणूस सामान बांधून गेला. तीन सामने आहेत. काय करशील? पाय ओढत खेळशील? पोटरी धरून बसशील? (पोटरी धरून बसणं ही या धंद्यातली सर्वांत जुनी संपाची पद्धत. डॉक्टरलाही काही दिसत नाही.)

उत्तर: त्या खेळाडूंनी तिन्ही सामने जिंकले. ४-१, ५-२, ५-०. तात्पुरता कोच होता गोव्याचाच, डेम्पोकडून खेळलेला क्लिफर्ड मिरांडा. मधला ५-२ मुंबई सिटीविरुद्ध, हे जाता जाता लक्षात ठेव. साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला शिल्ड द्यायची पद्धत त्याच वर्षी सुरू झाली होती. ती गोव्याने उचलली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा गोवा हा पहिला भारतीय क्लब ठरला. पुढची हकिकत सांगताना लोक नेमकं एवढंच गाळतात. क्लबाचं देणं फेडून झालं होतं, व्याजासकट.

मग ऑक्टोबरात लोबेरा मुंबई सिटीचा कोच झाला. जाहू मुंबईला. फॉल मुंबईला. बुमूसही मुंबईला. आणि मंदार राव देसाई, तोही मुंबईला.

मुंबईला म्हणजे तरी कुठे? करोनामुळे २०२०-२१ चा अख्खा हंगाम गोव्यातच झाला, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या रिकाम्या मैदानांवर. मंडळींनी क्लब बदलला आणि राहिली गोव्यातच. हॉटेल वेगळं, जर्सी वेगळी, खारा वारा तोच. पहिल्याच सामन्यात जाहूला थेट लाल कार्ड मिळालं आणि संघ हरला. निष्ठेचं पहिलं फळ हे असं असतं. नंतर गाडी रुळावर आली. शिल्डसाठीच्या शेवटच्या निर्णायक सामन्यात पहिला गोल फॉलनेच केला. उपांत्य फेरीत समोर कोण, तर एफसी गोवा. २-२, मग ०-०, मग पेनल्टी, मुंबई ६-५. अंतिम सामना १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याला, एटीके मोहन बागानशी. नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल, २-१.

गोव्याने काढलेला कोच, गोव्याहून आलेले चार खेळाडू, गोव्यालाच हरवून, गोव्याच्याच घरच्या मैदानावर चषक. नाटककाराने असा तिसरा अंक लिहून आणला असता तर निर्माता म्हणाला असता, जरा कमी करा हो.

मंदारचं काय करायचं?

परदेशी खेळाडूंना लोक लवकर माफ करतात. ते आलेच कोचच्या ओळखीने, गेले कोचच्या ओळखीने. मंदार गोव्याचा पोरगा. २०१४ साली क्लब निघाला तेव्हापासून त्या रंगात, पुढे कर्णधारही. त्याच्या जाण्याने जी चिडचिड झाली ती घरातलं माणूस वेगळं बिऱ्हाड करतं तेव्हाची होती.

पण मंदार आधी कोण होता? डाव्या बाजूचा विंगर. रेषेवरून पळणारा, लोकांना आवडणारा. लोबेराने त्याला मागे खेचून लेफ्ट बॅक केलं. विंगरला हे सांगणं म्हणजे मुख्य भटजींना आजपासून तुम्ही समया पुसा म्हणून सांगण्यासारखं. त्याने ते ऐकलं. आणि २०१९ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो भारताच्या संघात गेला तो बचावपटू म्हणून. सहा हंगाम क्लबाने त्याला जर्सी दिली. पण मैदानावरची त्याची खरी जागा कुठली, ते एका माणसाने ओळखलं. अशी जागा खेळाडूच्या नशिबात एकदाच येते, बऱ्याच जणांच्या येतही नाही.

माझ्या मते मंदार चुकला नाही. आणि तीन सामने उरले असताना कोचला घरी पाठवणाऱ्या क्लबाने आठ महिन्यांनी खेळाडूंकडे एकनिष्ठेची पावती मागू नये. (क्लबाने मागितली नव्हती. मागत होते ते कट्ट्यावरचे लोक. कट्टा गोव्यातही असतो, त्याला तिथे वेगळं म्हणत असतील.)

याच गोव्यात एके काळी हा प्रश्नच नव्हता. डेम्पोत आर्मांदो कुलासो वर्षानुवर्षं कोच होते, त्यांच्या हाताखाली क्लबाने पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, आणि कोच कुठे संपतो नि क्लब कुठे सुरू होतो ते खेळाडूंना शोधावं लागलं नाही. असा क्लब तुला मिळाला तर ही प्रवेशिका रद्दीत दे.

पाठ तिसरा: कोचच्या मागे किती अंतर जावं

ठाणे जिल्ह्यापर्यंत, असं आमचे एक जुने प्रशिक्षक म्हणायचे. आता नकाशा मोठा झाला आहे, पण हद्द आहेच. २०२१ च्या ऑक्टोबरात लोबेरा मुंबई सोडून चीनकडे वळला. त्याच्यामागे चीनला कुणी गेलं नाही. जाहू आणि फॉल मुंबईतच राहिले, नवा कोच डेस बकिंगहॅमच्या हाताखाली निमूट खेळले आणि २०२२-२३ ची शिल्डही जिंकले. नव्या कोचच्या हाताखाली मन लावून खेळणं म्हणजे जुन्याशी दगाबाजी, असं कुणीही म्हणालं नाही. तूही म्हणू नकोस.

२०२३ मध्ये लोबेरा भारतात परतला, ओडिशा एफसीकडे. जाहू भुवनेश्वरला. फॉल भुवनेश्वरला. बुमूस मधल्या काळात कोलकात्याला गेला होता, तोही २०२४ मध्ये ओडिशात पोहोचला. मंदार मात्र या खेपेला गेला नाही. त्याने ईस्ट बंगाल धरलं. आणि जानेवारी २०२४ मध्ये सुपर कपचा अंतिम सामना कुणाकुणात, तर ओडिशा आणि ईस्ट बंगाल. फॉलला लाल कार्ड. संघ दहा जणांचा. भरपाईच्या वेळेत जाहूने पेनल्टीवर बरोबरी केली आणि जादा वेळेत ईस्ट बंगाल ३-२ ने जिंकलं. जे कोचमागे गेले त्यांना रौप्य मिळालं.

फुटबॉलच्या पंढरीतलं एक उदाहरण देतो, तेही धोक्याची सूचना म्हणून. कोलंबियाचा हामेस रॉद्रिगेस कार्लो आन्चेलोत्तीच्या हाताखाली रेआल माद्रिदला खेळला. आन्चेलोत्ती बायर्नला गेला, २०१७ मध्ये हामेस बायर्नला. काही आठवड्यांत बायर्नने आन्चेलोत्तीला काढलं. २०२० मध्ये आन्चेलोत्ती एव्हर्टनला होता, हामेस एव्हर्टनला. वर्षभरात रेआल माद्रिदचा फोन आला आणि आन्चेलोत्ती गेला. फोनवर हामेसचं नाव नव्हतं. तो लिव्हरपूल शहरात घर घेऊन बसलेला, नव्या कोचला त्याचं काय करायचं ते कळेना, आणि २०२१ च्या सप्टेंबरात तो कतारच्या एका क्लबात जाऊन पोहोचला. सामान बांधायची सवय ज्याला आहे त्याच्यामागे जाताना आपली बॅग लहान ठेवावी.

एफसी गोवालाही याचा अनुभव आला. लोबेरानंतरचा कोच हुआन फेरांडो. तो डिसेंबर २०२१ मध्ये, हंगाम चालू असताना, एटीके मोहन बागानकडे निघून गेला. करारात पळवाट होती, पैसे भरले गेले. खेळाडूने हंगामाच्या मध्यात असं केलं असतं तर त्याचे पुतळे जाळले असते. कोच गेला की लोक म्हणतात, त्याचंही करिअर आहे.

उलटंही होतं, तेही ऐकून ठेव. डर्बी काउंटीचा ब्रायन क्लफ १९७३ मध्ये राजीनामा देऊन गेला तेव्हा खेळाडूंनी संचालकांना पत्र लिहिलं, कोच परत आणा. कोच परत आला नाही. तेच खेळाडू राहिले, नव्या कोचबरोबर खेळले आणि १९७५ मध्ये लीग जिंकले. त्यातला जॉन मॅकगव्हर्न मात्र क्लफच्या मागे गेला, एकूण चार क्लबांत त्याच्या हाताखाली खेळला. लीड्सला क्लफ अवघे ४४ दिवस टिकला. मॅकगव्हर्नला तिथल्या लोकांनी नको नको केलं. पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टचा कर्णधार म्हणून त्याने युरोपियन कप दोनदा उचलला, १९७९ आणि १९८०. तेव्हा 'कोचच्या मागे गेलास तर बुडशील' असं कुणी सांगितलं तर मॅकगव्हर्नचं नाव सांग, आणि 'कोचच्या मागे जा, तरशील' असं सांगितलं तर हामेसचं.

पाठ चौथा: निरोपाचा मजकूर

याचा मसुदा आधीच तयार ठेवावा. 'या क्लबाने मला सर्व काही दिलं.' खाली हात जोडलेले. दुसरा मसुदा नव्या क्लबासाठी: 'हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न होतं.' दोन्ही एकाच फोनमध्ये ठेवू नयेत. घाईत अदलाबदल होते.

कोचचं नाव दोन्हीत घेऊ नये. घेतलंस तर जुना क्लब म्हणतो, बघा, आमच्यासाठी नव्हताच; आणि नवा क्लब मनात टिपून ठेवतो की कोचला काढायची वेळ आली तर हाही जाणार.

स्वाध्याय: माझं स्वतःचं गणित

मी त्या पहिल्या तालमीत फॉरवर्ड होतो. दोन हंगामांत तीन गोल, त्यातला एक माझ्या पाठीला लागून गेलेला. सरांनी एकदा सराव संपल्यावर मला गोलपोस्टजवळ थांबवलं. उन्हाने तापलेला लोखंडी खांब, हात टेकवता येईना. म्हणाले, 'तुला पुढचं दिसत नाही रे. मागून सगळं दिसतं तुला. उद्यापासून राइट बॅक.' मी घरी येऊन जेवलो नाही. पुढच्या महिन्यात मला कळलं की मैदानाला दोन टोकं असतात, आणि मी आजवर चुकीच्या टोकाला उभा होतो.

मग कमिटीतल्या एकाचा भाचा संघात घ्यायचा की नाही यावरून सरांचं बिनसलं. ते समोरच्या तालमीत गेले. आठवड्याने मीही गेलो. करार वगैरे काही नव्हता, एक चहा आणि दोन वडे. जुन्या तालमीशी पहिला सामना पडला तेव्हा मी थ्रो-इन घ्यायला रेषेवर गेलो आणि मागून शिवी ऐकू आली. आवाज ओळखीचा वाटला म्हणून वळून पाहिलं, तर माझा सख्खा मामा. पुढची दोन वर्षं तो भाऊबीजेला आईकडे आला, ओवाळून घेतलं, फराळ केला, माझ्याशी बोलला नाही.

आणि सर? एका हंगामाने कमिटी बदलली, नव्या कमिटीने त्यांना बोलावलं, ते परत गेले. तालमीच्या दारात त्यांना हार घातला, फटाके लावले. मी समोरच्या पानपट्टीवर उभा राहून पाहत होतो. मला कुणी परत बोलावलं नाही. कोचला परत यायला दार असतं, खेळाडूला खिडकीही नसते. तरी विचारशील तर सांगतो, तेच पुन्हा करीन. त्या खांबापाशी मला जे मिळालं ते तालमीतल्या कुणी दिलं नव्हतं. फक्त या वेळी वडे दोनाऐवजी चार मागीन, आणि करार लेखी.

परिशिष्ट: चाहत्यांसाठी

हे तुझ्यासाठी नाही, पण वाचून ठेव, कारण तुझ्या जाण्यायेण्याचा खर्च हीच मंडळी करतात. शिरोली एमआयडीसीत नोकरीला असलेले एक गोव्याचे गृहस्थ माझ्याकडे येतात. २०२० च्या दिवाळीच्या सुमारास ते नारिंगी जर्सी घेऊन आले. पाठीवरचं मंदारचं नाव काढायचं होतं. जागेवर ब्रँडन हवा होता. ब्रँडन फर्नांडिस गोव्याचा, तो क्लबातच राहिला होता. काढलं, घातलं. २०२४ मध्ये ब्रँडन मुंबई सिटीत गेला. गृहस्थ पुन्हा आले, तीच जर्सी, आता पोटावर तंग झालेली. मी विचारलं, आता कुणाचं? ते बराच वेळ काउंटरवरच्या शिट्ट्या चाळत राहिले. मग म्हणाले, नुसतं काढा.

छापणं सोपं असतं. अक्षरं कापायची, ठेवायची, प्रेस खाली ओढायची, पंधरा सेकंद मोजायचे. काढताना एकेक अक्षर गरम करून चिमट्याने सोलावं लागतं, नंतर खालचा गोंद थिनरने पुसावा लागतो, आणि कापड जुनं असलं की पुसूनही नाव उजेडात धरल्यावर वाचता येतं. त्या जर्सीवर आता दोन्ही नावं वाचता येतात. दुकानात पाटी लावली आहे: नाव काढण्याचे पैसे घालण्याच्या दुप्पट पडतील, डाग राहिल्यास तक्रार चालणार नाही.